‘कोर्टात जाऊ’ म्हणण्याआधी

आमच्या ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून इमिग्रेशनबद्दल येणारे फोन बहुतेक माझ्याकडेच वळतात. मी वकील नाही, पॅरालीगल आहे. कागद गोळा करणं, जबाबांचे मसुदे करणं, वकीलबाईंसाठी शेकडो पानांचं रेकॉर्ड वाचून टिपणं काढणं हे माझं काम. अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं की जो तो एकच विचारतो, “ताई, हायकोर्टात जाता येईल ना?”

प्रश्न अगदी रास्त आहे. भारतात अधिकाऱ्यानं मनमानी केली की कलम २२६ खाली रिट घेऊन हायकोर्टात जायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. अमेरिकेत इमिग्रेशनच्या बाबतीत तसा सरसकट रस्ता नाही. काही निर्णय कोर्ट तपासतं, काहींना हातच लावत नाही, आणि कित्येकदा एकाच निर्णयाचा अर्धा भाग कोर्टाला दिसतो, उरलेला अर्धा नाही. हे फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ग्रीन कार्ड असो, आश्रय असो किंवा देशाबाहेर काढण्याचा हुकूम रद्द करून घ्यायचा असो, अर्ज साधारण दोन टप्प्यांत तपासला जातो. पहिला पात्रतेचा. कायद्यातल्या अटी तुम्ही पुऱ्या करता का? दुसरा विवेकाधिकाराचा. अटी पुऱ्या केल्या, पण ही सवलत तुम्हाला द्यावी का? इथे अधिकारी सगळं तोलून पाहतो: किती वर्षं राहिलात, घरचं कोण कोण इथे आहे, टॅक्स भरलात का, पोलीस केस आहे का, कुठे खोटं बोललात का. पत्रात ‘डिस्क्रिशन’ हा शब्द दिसला की लोक समजतात, साहेबांची मर्जी, संपला विषय. मला हे मान्य नाही, आणि अमेरिकन सुप्रीम कोर्टानंही हे कधी पूर्णपणे मान्य केलेलं नाही.

त्यासाठी १९५४ सालचा अकार्डी खटला माहीत असायला हवा. जोसेफ अकार्डी हा इटलीत जन्मलेला माणूस १९३२ मध्ये कॅनडातून रेल्वेनं अमेरिकेत आला, व्हिसाशिवाय. पुढे त्याला देशाबाहेर काढायची कारवाई सुरू झाली, तेव्हा त्यानं ती थांबवण्याची सवलत मागितली. सवलत पूर्णपणे विवेकाधिकाराची होती आणि ठरवणार होतं बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स. पण त्याचा अर्ज तिथे प्रलंबित असताना अॅटर्नी जनरलनं नकोशा लोकांना हाकलण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि शंभर जणांची एक गोपनीय यादी तयार झाली. अकार्डीचं नाव त्या यादीत होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: यादी बोर्डाच्या हातात पडल्यावर बोर्डानं स्वतःचं डोकं चालवलंच नाही.

लक्षात घ्या, हे बोर्ड न्यायखात्याचाच भाग आहे. अॅटर्नी जनरल त्या सगळ्यांचा वरिष्ठ. आजही तसंच आहे. इमिग्रेशन न्यायाधीश काळा झगा घालून उंच खुर्चीवर बसतात, पण ते न्यायखात्याचे नोकर आहेत, स्वतंत्र न्यायपालिकेचे नाहीत. न्यूअर्कला ब्रॉड स्ट्रीटवरच्या कोर्टात येणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नसतं.

सुप्रीम कोर्टानं अकार्डीच्या बाजूनं निकाल दिला, पाच विरुद्ध चार असा. निकाल लिहिला न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी, जे स्वतः आधी अॅटर्नी जनरल राहिलेले होते. त्यांचा मुद्दा असा: नियमांनी विवेकाधिकार बोर्डाला दिला असेल, तर तो बोर्डानंच वापरायचा. वरिष्ठाला हवं असेल तर त्यानं रीतसर नियम बदलावेत. नियम जागेवर ठेवून मागून निर्णय सांगायचा नाही. सवलत द्यायची की नाही, हे कोर्टानं ठरवलं नाही. ठरवण्याची रीत पाळली गेली का, एवढंच तपासायला सांगितलं. ती तपासणी झाली, बोर्डाच्या सदस्यांनी आपण स्वतःच निर्णय घेतल्याचं सांगितलं, आणि १९५५ मध्ये प्रकरण परत सुप्रीम कोर्टात आलं तेव्हा अकार्डी हरला. मला हा शेवट महत्त्वाचा वाटतो. न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे कोर्टाकडून ग्रीन कार्ड मिळवणं नव्हे. मिळते ती हमी एवढीच की, तुमच्या फाइलीवर ज्यानं विचार करायचा त्यानं तो केला.

त्याच वळणाचा अलीकडचा निकाल म्हणजे २०११ चा जुडुलांग. जोएल जुडुलांग आठ वर्षांचा असताना फिलिपिन्समधून आला होता. बोर्डानं एका जुन्या सवलतीसाठी अशी कसोटी लावली होती, की माणसाच्या वागणुकीशी किंवा देशात राहण्याच्या त्याच्या लायकीशी तिचा संबंधच नव्हता. सारं अवलंबून होतं ते कायद्याच्या दोन कलमांची भाषा एकमेकींशी जुळते का यावर. न्यायमूर्ती केगन यांनी सर्व न्यायमूर्तींच्या वतीनं लिहिलं, की नाणं उडवून निर्णय घेणं स्वस्त पडत असलं तरी चालणार नाही. विवेकाधिकार कितीही रुंद असो, कारणाचा धागा लागतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण १९९६ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या कायद्यानं काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कोर्टांचे हात बांधले. त्यातून आलेलं १२५२ क्रमांकाचं कलम माझ्या टेबलावर छापून लावलेलं आहे. त्यात म्हटलंय, की ग्रीन कार्डसाठी स्टेटस बदलणं, हुकूम रद्द करणं, काही प्रकारची माफी अशा ठराविक सवलतींबाबतच्या कोणत्याही निर्णयावर कोर्टाला अधिकार नाही. आणि कायद्यानं सरकारच्या विवेकाधिकारात म्हणून नमूद केलेल्या इतर निर्णयांवरही नाही. २००१ मध्ये सेंट सायर खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा ताब्याविरुद्ध कोर्टात जाण्याचा, जुना दरवाजा उघडा असल्याचं सांगितलं. २००५ मध्ये काँग्रेसनं तोही लावला, पण त्याच्या बदल्यात एक खिडकी ठेवली: राज्यघटनेचा मुद्दा असेल किंवा कायद्याचा प्रश्न असेल, तर वरच्या अपील कोर्टानं ऐकावं. आमच्या भागासाठी ते फिलाडेल्फियाचं तिसरं सर्किट.

म्हणजे कायद्याची चूक कोर्ट बघेल. वस्तुस्थितीची चूक झाली तर?

२०२२ मध्ये याचं उत्तर आलं, आणि ते एका गुजराती माणसाच्या खटल्यात आलं, म्हणून आपल्या लोकांना तरी तो माहीत हवा. पंकजकुमार पटेल जॉर्जियात राहत होते. १९९० च्या दशकात पत्नीसह कागदपत्रांशिवाय आले होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. २००७ मध्ये त्यांनी ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. २००८ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकोनात खूण झाली. त्यांचं म्हणणं, ती चुकून झाली. लायसन्स तर नागरिक नसतानाही मिळण्यासारखं होतं, मग खोटं बोलून मिळवायचं काय? कायद्यानुसार नागरिकत्वाचा खोटा दावा केला की ग्रीन कार्डचा रस्ता बंद. इमिग्रेशन न्यायाधीशानं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. बोर्डानं तोच निर्णय कायम केला.

आता हा प्रश्न काही तोलण्याचा नाही. खूण चुकून झाली की मुद्दाम, ही एक घडलेली गोष्ट आहे. ती एक तर अशी घडली किंवा तशी. तरीही सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, की ‘कोणताही निर्णय’ यात वस्तुस्थितीचा निष्कर्षही येतो, आणि तो कोर्टाला तपासता येणार नाही. निकाल न्यायमूर्ती बॅरेट यांचा. विरोधात तीन उदारमतवादी न्यायमूर्तींबरोबर न्यायमूर्ती गोरसच होते, आणि विरोधी मत त्यांनीच लिहिलं. सगळ्यात लक्षवेधी बाब म्हणजे असे निष्कर्ष कोर्टाला तपासता येतात, हे सुप्रीम कोर्टात सरकारनंही मान्य केलं होतं. दोन्ही बाजू एकीकडे आल्यामुळे खालच्या कोर्टाच्या निकालाची बाजू मांडायला सुप्रीम कोर्टाला बाहेरून वकील नेमावा लागला. आणि तरी निकाल तोच राहिला.

मी गोरसच यांच्या बाजूची आहे, आणि ते केवळ पटेल यांच्याबद्दल वाईट वाटतं म्हणून नाही. मी रेकॉर्ड वाचते, आणि चुका कुठे होतात हे रोज बघते.

आमच्याकडच्या एका बाईंची फाइल सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. सुनावणीचं रेकॉर्डिंग होतं आणि अपील केलं की त्यावरून टाइप केलेला ट्रान्सक्रिप्ट येतो. आवाज नीट लागला नाही, तर टाइप करणारे कंसात ‘इनडिसर्निबल’ असं लिहितात. अस्पष्ट. बाईंच्या सुनावणीत दुभाषी फोनवर होता. एका जुन्या फॉर्मवरची चुकीची माहिती तुम्हीच भरली होती का, असा प्रश्न होता. ट्रान्सक्रिप्टमधलं इंग्रजी उत्तर मी मराठी अक्षरांत जसंच्या तसं देते: ‘आय डिड (इनडिसर्निबल) फिल आउट द फॉर्म.’ त्या कंसाच्या जागी ‘नॉट’ असेल तर बाई निर्दोष, नसेल तर दोषी. न्यायाधीशांच्या निर्णयात ओळ आली: अर्जदारानं फॉर्म स्वतः भरल्याचं कबूल केलं. त्याच पानावर, चार ओळी खाली, बाई सांगतायत की फॉर्म एजंटानं भरला आणि त्यांनी फक्त सही केली. निर्णयात त्या चार ओळींचा उल्लेखही नाही.

बोर्डापुढे आम्ही हे मांडलं. बोर्डानं ते थोडक्यात बाजूला सारलं. मग मी बाईंना पटेल निकाल समजावून सांगायला बसले. त्या म्हणाल्या, “अहो, पण टेप आहे ना त्यांच्याकडे? मग ऐका म्हणावं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेप आहे. आणि कायदा असा आहे, की ग्रीन कार्डच्या प्रकरणात टेपमध्ये काय आहे यावरून अपील कोर्टानं निष्कर्ष बदलायचा नाही. आता वकीलबाई तोच मुद्दा कायद्याच्या वेषात मांडतायत: मोक्याच्या जागी अपूर्ण असलेल्या रेकॉर्डवर निर्णय देणं आणि समोरचा पुरावा न वाचणं, यानं रीतसर सुनावणीचा हक्क डावलला गेला. कदाचित चालेल. पण ‘ही गोष्ट खोटी आहे’ एवढं सरळ सांगायला एवढा वळसा घ्यावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो.

तथ्य आणि कायदा यांच्यातली रेघ कुठे, यावर सध्या सगळी लढाई चालते. २०२० मध्ये कोर्टानं म्हटलं, की ज्या गोष्टींवर वाद नाही त्यांना कायद्याची कसोटी लावणं हा कायद्याचाच प्रश्न. मग मार्च २०२४ मध्ये विल्किन्सन निकाल आला, तोही आमच्याच तिसऱ्या सर्किटमधून गेलेला. सिटू विल्किन्सन त्रिनिदाद-टोबॅगोचे, पेनसिल्व्हेनियात राहणारे. त्यांच्या अमेरिकन मुलाला तीव्र दमा. वडिलांना बाहेर काढलं तर मुलाचे ‘अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण’ हाल होतील का, ही कायद्याची कसोटी. सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की ती कसोटी पुरी होते का हे अपील कोर्टाला तपासता येईल, जरा हात राखून. पण मुलाला दमा किती आहे, घरखर्च कोण चालवतं, वडिलांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का, हे मात्र इमिग्रेशन न्यायाधीशानं ठरवलं तेच. म्हणून हल्ली मी डॉक्टरांना विनंती करताना ‘पेशंटला दमा आहे’ एवढ्यावर थांबू देत नाही. इमर्जन्सीत किती वेळा न्यावं लागलं, रात्री कोण उठतं, कोणती औषधं, कोणाच्या विम्यावर. पहिल्या सुनावणीत जे आत गेलं नाही ते पुढे कोणीच बघणार नाही.

आश्रयाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि थोडी बरी. आश्रयसुद्धा विवेकाधिकाराचाच. १९८७ च्या कार्डोझा-फोन्सेका निकालात निकाराग्वाच्या एका बाईंच्या निमित्तानं कोर्टानं सांगितलं, की छळाची रास्त भीती सिद्ध करायला निम्म्याहून जास्त शक्यता दाखवावी लागत नाही, दहा टक्के शक्यतासुद्धा पुरू शकते. पण भीती सिद्ध झाली तरी आश्रय मिळेलच असं नाही. देणं न देणं सरकारच्या हाती. बंधनकारक आहे ते वेगळं संरक्षण, जिथे छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तिथे परत न पाठवण्याचं. मात्र १२५२ लिहिताना काँग्रेसनं आश्रय देण्याचा निर्णय त्या बंदीतून वगळला. त्यामुळे विवेकाधिकार वापरून आश्रय नाकारला, तर तो निर्णय उघड उघड कायद्याविरुद्ध आणि अधिकाराचा गैरवापर आहे का, हे कोर्ट बघू शकतं. वस्तुस्थितीच्या निष्कर्षांवरही नजर टाकू शकतं. तिथली कसोटी कडक आहे: कोणत्याही शहाण्या माणसाला उलटाच निष्कर्ष काढणं भाग पडेल, इतका पुरावा हवा. पण निदान कोणीतरी वाचतं.

इथेच कुकाना खटला सांगायला हवा. आग्रॉन कुकाना हा अल्बेनियाचा माणूस आश्रयाच्या सुनावणीला पोचला नाही, कारण त्याला जाग आली नाही. गैरहजेरीत हुकूम झाला. काही वर्षांनी त्यानं प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी केली, ती नाकारली गेली. सरकारच्याच नियमांत लिहिलं होतं, की पुन्हा उघडणं बोर्डाच्या विवेकाधिकारात आहे, आणि खालच्या कोर्टानं त्यावरून हात वर केले. २०१० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलं, की कोर्टाचा अधिकार काढून घ्यायचा तर तो काँग्रेसनं कायद्यात लिहून काढावा. सरकारी खात्यानं स्वतःच नियम करून स्वतःलाच कोर्टापासून सोडवून घेता येणार नाही. मला हा निकाल फार आवडतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे: तपास थांबवायचा अधिकार ज्याचा तपास व्हायचा त्याच्या हातात नको.

आता आपल्या आयटीतल्या मंडळींसाठी. तुम्हाला वाटेल, आश्रय नि डिपोर्टेशनशी आमचा काय संबंध. आय-१४०, म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर होऊन वर्षानुवर्षं रांगेत उभे आहात ना, मग संबंध आहे. डिसेंबर २०२४ चा बुआर्फा निकाल वाचा. अमिना बुआर्फा या अमेरिकन बाईंनी नवऱ्यासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि नंतर त्याचं आधीचं लग्न केवळ इमिग्रेशनसाठी होतं असं म्हणून मंजुरी मागे घेतली. बाईंनी कोर्टात दाद मागितली. सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, की मंजुरी मागे घेणं हा पूर्ण विवेकाधिकार आहे, कोर्टाला बघता येणार नाही. गंमत नव्हे, पण विचित्र गोष्ट अशी: हाच अर्ज याच कारणासाठी पहिल्यांदाच नामंजूर झाला असता, तर कोर्टात जाता आलं असतं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी वाट दाखवली ती हीच, की नवा अर्ज करा, आणि तो नामंजूर झाला तर त्यावर या. ज्या कलमाखाली ही मंजुरी मागे घेतली जाते, त्याच कलमाखाली कंपन्यांचे आय-१४० सुद्धा मागे घेतले जातात. आमच्या तिसऱ्या सर्किटनं तर २००६ मध्येच आय-१४० बाबत हे सांगून टाकलं होतं. जोडप्याला नवा अर्ज करता येतो. पण मधल्या काळात कंपनी बंद पडली असेल, तर नवा आय-१४० करणार कोण?

मुंबईच्या वकिलातीत व्हिसा नाकारला तर काय, हेही लोक विचारतात. त्याबद्दल लांबण लावत नाही. २०२४ च्या मुन्योझ निकालानंतर अमेरिकन नागरिक असलेल्या पत्नीलाही नवऱ्याच्या व्हिसा-नकारावर कोर्टात जायला जवळजवळ जागा उरलेली नाही.

कोर्टांनी प्रत्येक फाइल नव्यानं ठरवावी, असं मला म्हणायचं नाही. सवलत कोणाला द्यावी हे तोलायचं काम सरकारचं आहे, आणि लाखो फाइली अपील कोर्टांत गेल्या तर आश्रय मागणाऱ्यांचाच निकाल वर्षानुवर्षं लांबेल. माझं मागणं मर्यादित आहे. आश्रयाच्या प्रकरणात वस्तुस्थितीसाठी जी कडक कसोटी आज कायद्यात लिहिलेली आहे, तीच ग्रीन कार्ड आणि हुकूम रद्द करण्याच्या प्रकरणांनाही लावा. नवी यंत्रणा नको, नवी कोर्टं नकोत. पटेल यांच्या चौकोनातली ती खूण आणि आमच्या बाईंच्या ट्रान्सक्रिप्टमधला तो कंस, एवढं एका स्वतंत्र न्यायाधीशाच्या नजरेखालून जाऊ द्या. हा बदल सुप्रीम कोर्ट करणार नाही. त्यांनी कायद्याचा अर्थ सांगून टाकला आहे. तो काँग्रेसला करावा लागेल, १२५२ मध्ये एक वाक्य घालून. ज्यांना इथे मतदानाचा हक्क आहे त्यांनी आपल्या प्रतिनिधीच्या ऑफिसला हे लिहून कळवावं. मी कळवलंय आणि पत्राचा मसुदा हवा असेल त्याला देईन.

आणि ज्यांच्या हातात आज नकाराचं पत्र आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बोर्डाच्या निर्णयावर अपील कोर्टात जायला ३० दिवस मिळतात, निर्णयाच्या तारखेपासून, पत्र तुमच्या हातात पडल्यापासून नाही. आणि नुसती पिटिशन दाखल केली म्हणून देशाबाहेर काढणं आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. फोन कराल तेव्हा निर्णयाची सगळी पानं जवळ ठेवा, वरचं तारखेचं पान धरून.